डबीचा सभ्यपणा

उपग्रह आकाशात सोडायचा असेल तर खालच्या मजल्यावरच्या काकांचं ना हरकत पत्र लागतं, हे अध्यक्षांना परवाना कार्यालयाच्या चार नंबरच्या खिडकीवर कळलं.

"शेजाऱ्यांचं पत्र कुठंय?" खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटासुलटा करत विचारलं.

"अहो, उपग्रह आहे हा. पाचशे किलोमीटर वर असणार."

"म्हणजे वरच्या बाजूला. मग खालच्यांचंच लागणार ना?"

यावर काय बोलावं हे अध्यक्षांना सुचेना. असा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच येत असे. कारकून तेवढ्यात पुढच्या रकान्याकडे वळला होता. 'प्रसारण केंद्राचा कायमचा पत्ता' हा रकाना कोराच होता. अध्यक्षांनी समजावून सांगितलं की केंद्र फिरतं आहे. कारकुनाने फिरत्या विक्रेत्यांची खिडकी नऊ नंबरला असल्याचं सांगितलं. ते काही विकत नाही, ते नुसतं पृथ्वीभोवती फिरतं, असं अध्यक्ष म्हणाले.

"फिरून परत येतं की नाही?"

"येतं की. दर दीड तासाने."

"मग जिथे परत येतं तोच कायमचा पत्ता. तुमच्या घराचा टाका, आणि खालच्यांची सही आणा."

सरकारी तर्काला एक सौंदर्य असतं, ते लांबून बघणाऱ्यालाच दिसतं. अध्यक्ष फार जवळ उभे होते.

अध्यक्ष म्हणजे हौशी रेडिओ मंडळाचे अध्यक्ष. मंडळात तीन माणसं. एक अध्यक्ष, एक कार्यवाह आणि एक सभासद. एवढ्या मोठ्या संस्थेत निदान एक तरी साधा सभासद हवा, म्हणून गावातल्या दंतवैद्यांनी ते पद स्वतःहून पत्करलं होतं आणि दोघेही पदाधिकारी त्यांना जपून होते. तिघांनाही बोलण्याची सवय धंद्यातून लागलेली. दंतवैद्यांचं सगळं आयुष्य ज्यांना उत्तर देता येत नाही अशा माणसांशी गप्पा मारण्यात गेलं होतं. कार्यवाह घाऊक बाजारात लिलाव पुकारत. आणि अध्यक्षांनी बसस्थानकावर एकोणतीस वर्षं गाड्या पुकारल्या होत्या. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" हे शब्द ते अशा काही घोळवून म्हणत की ज्यांची गाडी नव्हती तेही उठून उभे राहत. शेवटची दोन वर्षं मात्र त्यांच्या जागी यंत्र बोलायला लागलं आणि त्या यंत्राचं बटण दाबण्याचं काम अध्यक्षांना मिळालं. हे दुःख ते कोणापाशी बोलत नसत. बाकी सगळं बोलत.

म्हणूनच एका अग्निबाणाच्या कोपऱ्यात रिकामी जागा आहे आणि ती हौशी मंडळांना मिळू शकते असं कळलं, तेव्हा अध्यक्षांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहिलं. पाचशे किलोमीटर उंचीवरून, अर्ध्या जगाला ऐकू जाईल असा, आपला आवाज. तिथे कोण येतंय यंत्र बसवायला!

आता तिथे जाणार होतं तेही यंत्रच, पण ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नाही.

उपग्रह लांबी, रुंदी, उंचीला दहा सेंटीमीटर. त्याला सगळे डबी म्हणत. दंतवैद्यांनी दवाखान्यातलं भिंग डोळ्याला लावून तिच्यातले तारांचे सांधे जोडले आणि जोडताना तिलाही "अजून थोडंसंच राहिलंय हं" असा धीर दिला. तिच्यातला प्रोग्रॅम कार्यवाहांच्या सुनेने लिहिला. ही सून मोजकं बोलायची, त्यामुळे मंडळाच्या सभांना तिला निरीक्षक म्हणून बसवत. अँटेना म्हणून पोलादी मोजपट्टीचे दोन तुकडे होते. ते डबीभोवती गुंडाळून दोऱ्याने बांधायचे, वर गेल्यावर आतली तार तापून दोरा जळणार आणि पट्ट्या सुटून सरळ होणार, अशी योजना. दंतवैद्यांनी हौसेने दात साफ करायचा दोरा वापरून गाठ मारली. सभेच्या मधोमध ती सुटली आणि पट्टी कार्यवाहांच्या गालावर फाडकन बसली. सभावृत्तांतात 'अँटेनाची चाचणी यशस्वी' अशी नोंद झाली.

अखेर गाठ मारली ती अध्यक्षांच्या बायकोने. ती घरीच शिवणकाम करायची. बाहेरच्या खोलीत एका भिंतीशी तिचं मशीन, समोरच्या भिंतीशी अध्यक्षांचा रेडिओ, आणि मधल्या जागेत ज्याला संसार म्हणतात तो. तिने मशीन थांबवलं, नायलॉनचा दोरा दातात धरून ओढून बघितला, दोन वेढे दिले, गाठ घातली आणि पुन्हा मशीन सुरू केलं. ती गाठ पुढे प्रयोगशाळेत यंत्राने गदागदा हलवली तरी तसूभर सरकली नाही.

"तुमचं बोलून झालं असेल तर मी एक बोलू?" तिने त्या दिवशी विचारलं होतं.

"बोल की! तुला कोणी अडवलंय?" असं म्हणून अध्यक्षांनी स्त्रियांच्या हस्तकौशल्यावर चाळीस मिनिटं भाषण केलं.

खालच्या काकांची सही मिळायला सतरा दिवस लागले. काका एका मुद्द्यावर अडून बसले होते. त्यांच्या दाराची बेल आपोआप वाजायची. रोज सकाळी सव्वाआठला. काका दार उघडायचे, बाहेर कोणी नसायचं. अध्यक्ष रोज सकाळी आठ वाजता रेडिओवर बसतात आणि सव्वाआठला आपली बेल वाजते, यातून निघायचा तो निष्कर्ष काकांनी काढला होता आणि त्यासाठी एक स्वतंत्र वही घातली होती.

"अध्यक्षमहाशय, खोलीत बसून तुम्ही माझी बेल वाजवता. वरून काय काय वाजवाल?"

अध्यक्षांनी त्यांना रेडिओ लहरींचं शास्त्र समजावून सांगितलं. काकांनी वही दाखवली. अध्यक्षांनी एक दिवस रेडिओ बंद ठेवला. बेल वाजली. काका म्हणाले, ही कालची शिल्लक असणार. बायको भाजी निवडता निवडता, "अहो, ती बेल ना..." असं म्हणाली तेव्हा अध्यक्षांनी हात वर करून, "तू यात पडू नकोस, विषय तांत्रिक आहे," असं सांगितलं. शेवटी काकांनी 'बेल आपोआप न वाजण्याच्या अटीवर' सही दिली, आणि कारकुनाने त्या अटीखाली आणखी एक वाक्य लिहून घेतलं. सदर केंद्र इतर कोणाच्याही संभाषणात व्यत्यय आणणार नाही.

या वाक्याने पुढचं सगळं रामायण घडलं.

रेडिओवरच्या माणसांचा एक जुना रिवाज आहे. आधी ऐका, मग बोला. त्या लहरीवर कोणी बोलत असेल तर थांबायचं, त्याचं संपलं की मग आपण सुरू करायचं, आणि आपलं संपलं की 'ओव्हर' म्हणून समोरच्याला पाळी द्यायची. अध्यक्षांनी हे सुंदर अक्षरात रंगवून रेडिओच्या वर टांगलं होतं आणि नव्या माणसांना ते या विषयावर दोन दोन तास ऐकवत. तेव्हा डबीच्या अंगी हा गुण असलाच पाहिजे, असा ठराव त्यांनी मांडला.

"टाकते की," सून म्हणाली. "बोलण्याआधी पाच सेकंद ऐकेल. कोणी नसलं तर बोलेल."

"पाच सेकंद?" अध्यक्षांना धक्का बसला. "अगं, पाच सेकंदांत माणूस श्वास घेऊन पुढचं वाक्य सुरू करतो. आपल्या मंडळाची मुलगी कोणाला मध्येच तोडणार नाही. दोन मिनिटं टाक."

"अध्यक्षकाका, दोन मिनिटं फार होतात."

"सभ्यपणात कंजुषी नको."

कार्यवाहांनी "दोन मिनिटं एक वार, दोन मिनिटं दोन वार" करून ठराव संमत केला. मग दंतवैद्यांनी उपसूचना मांडली की ओळख झाल्याशिवाय डबीने कोणाचा हुकूमही घेऊ नये. आधी तिने स्वतःचं काय ते बोलावं, मग जे काय सांगायचं ते तिला सांगावं, त्यासाठी एक मिनिट द्यावं. परक्याने येऊन एकदम आज्ञा सोडणं बरं दिसत नाही. हेही एकमताने संमत झालं.

मशीनवरून आवाज आला, "तुमचं बोलून झालं असेल तर मी बोलू? या घरात मला तीस वर्षांत सलग दोन मिनिटं..."

"चहा ना? टाक, टाक," अध्यक्ष म्हणाले.

मग राहिला आवाज. डबीत फक्त आठ सेकंदांचा आवाज मावत होता. अध्यक्ष घसा खाकरून, आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले. पहिल्या खेपेला आठ सेकंदांत ते 'कृपया लक्ष द्यावे'च्या 'लक्ष'पर्यंत पोहोचले. दुसऱ्या खेपेला घाई केली तेव्हा सवयीने तोंडातून फलाट क्रमांक गेला. कार्यवाह 'तीन वार'ला पोहोचेचनात. दंतवैद्य तर सुरुवातच "आता कसं वाटतंय?" अशी करून उत्तराची वाट बघत थांबले. एकवीस प्रयत्न झाले. यंत्राची पातळी तपासायला सून म्हणाली, "काकू, तुम्ही काहीतरी बोला बरं."

बायकोने मशीन थांबवलं. जरा विचार केला आणि म्हणाली, "तुमचं बोलून झालं असेल तर मी बोलते. मी बरी आहे. तुमचं सांगा."

सात सेकंद. सुनेने ते तात्पुरतं म्हणून डबीत ठेवलं. कोणाचा आवाज जावा यावर मतदान घेतलं तेव्हा तीन उमेदवारांना एकेक मत पडलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही तसंच. चौथ्या फेरीच्या आधी डबी नेणारी गाडी दाराशी आली आणि तात्पुरतं जे होतं ते कायमचं झालं. अध्यक्षांना फार लागलं. एकोणतीस वर्षांच्या तपश्चर्येनंतर वर कोण चाललं, तर जिने आयुष्यात माइक हातात धरला नाही ती. आठवडाभर ते घरात फक्त अत्यावश्यक तेवढंच बोलले, म्हणजे एरवीच्या निम्मं.

उड्डाण सकाळी साडेदहाला होतं. सगळ्यांनी ते दंतवैद्यांच्या दवाखान्यातल्या टीव्हीवर बघितलं. खुर्चीत एक पेशंट होता, तोंडात कापूस, हात हँडलवर. दंतवैद्यांनी त्याची खुर्ची टीव्हीकडे वळवली आणि त्यालाही मंडळाचा इतिहास सांगितला. एका भल्यामोठ्या उपग्रहाच्या बगलेत आपली डबी पोटभाडेकरू म्हणून बसलीय, हे कळल्यावर तोही उत्तेजित झाला. आकडे उलटे मोजायला लागले तेव्हा कार्यवाहांनी आवाज चढवून ते लिलावाच्या चालीत म्हटले. धूर, लोळ, गडगडाट, आणि अग्निबाण सुटला. अध्यक्षांनी दंतवैद्यांना मिठी मारली, दंतवैद्यांनी पेशंटला मारली, पेशंट "आँ आँ" करून ओरडला तो आनंदाने की कसा हे कोणी विचारलं नाही. बायकोने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "गाठ नीट सुटली म्हणजे झालं."

अग्निबाण सोडणाऱ्यांचं पत्र आधीच आलेलं होतं. दहा दिवसांच्या आत उपग्रह जिवंत असल्याचा पुरावा पाठवावा. न पाठवल्यास त्याची नोंद 'अवकाशातील कचरा' या सदरात करण्यात येईल आणि मंडळाची परवानगी रद्द होईल. अध्यक्षांनी ते पत्र हसून भिंतीवर लावलं होतं.

डबी दर दीड तासाने फेरी मारत असली तरी खाली पृथ्वीही फिरते, त्यामुळे नीट डोक्यावरून ती दिवसातून एकदाच, सकाळी जायची. पहिल्या दिवशी डबी डोक्यावरून गेली. दहा मिनिटं. अध्यक्षांनी तिला हाका मारल्या, कार्यवाहांनी हाका मारल्या, दंतवैद्यांनी दवाखाना बंद ठेवून हाका मारल्या. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी जगभरच्या हौशी मंडळींना कळलं की एक नवी डबी गप्प आहे, आणि आपली माणसं अशी प्रेमळ की पूर्वेकडच्या टोकापासून पश्चिमेकडच्या टोकापर्यंत जो तो तिला बोलतं करायला बसला. कोणी तिच्या नावाने हाका मारल्या, कोणी शिट्टी वाजवून दाखवली. कोणी तिला गाणं म्हणून दाखवलं. त्या लहरीवर इतकी गर्दी झाली की लोक पाळ्या लावून डबीला हाका मारायला लागले. डबी हूं की चूं करेना.

पाचव्या दिवशी अध्यक्षांनी भिंतीवरच्या पत्राकडे बघणं सोडलं. सहाव्या दिवशी जेवण सोडलं. खालच्या काकांनी जिन्यात गाठून, "काय, गेली का कचऱ्यात?" असं विचारलं आणि लगेच स्वतःलाच वाईट वाटून म्हणाले, "माझी बेल मात्र वाजते हो अजून." कार्यवाहांनी दुखवट्याच्या ठरावाचा मसुदा करून आणला. तो वाचताना त्यांचाच आवाज बसला आणि मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा एक सभा दहा मिनिटांत संपली. अध्यक्ष रेडिओसमोर नुसते बसून राहिले. आपला आवाज नाही तर नाही, पण आपण जे वर पाठवलं ते मुकं निघावं, हे त्यांना सोसत नव्हतं.

सातव्या दिवशी मेल आला तो भर समुद्रातल्या एका मालवाहू जहाजावरून. जहाजाचा रेडिओ अधिकारी स्वतः हौशी होता. त्याने लिहिलं होतं की आजूबाजूला हजार मैल कोणी नसताना या लहरीवर त्याला एका बाईचा आवाज ऐकू आला. भाषा कळली नाही, पण काहीतरी अदबीने विचारत असावी. त्याने आनंदाच्या भरात तिला आपलं नाव, जहाजाचं नाव, हवामान, घरच्यांची खुशाली सगळं सांगितलं आणि सांगतच राहिला. मग मात्र ती पुन्हा बोलली नाही. आपलं काही चुकलं का?

घरात एकच दंगा झाला. ती जिवंत आहे! दोरा जळला! अँटेना उघडली! दंतवैद्यांनी कार्यवाहांना उचललं. पण मेलने पुरावा होत नव्हता. आवाजाची फीत लागणार होती, आणि जहाजवाल्याने आवाज साठवलेला नव्हता. ती समुद्रावर बोलते आणि जमिनीवर का बोलत नाही, यावर तिघेही एकदम बोलू लागले. दंतवैद्यांच्या मते खाऱ्या हवेचा परिणाम. कार्यवाहांच्या मते जहाजाची अँटेना उंच असणार. अध्यक्षांनी पृथ्वीच्या चुंबकत्वापासून सुरुवात केली.

बायकोने या खेपेला विचारलं नाही. ती उठली आणि तिने रेडिओचा मेन स्विच बंद केला. खोलीतली खरखर थांबली तसे तिघेही दचकून थांबले.

"ती सभ्य आहे," बायको म्हणाली. "सगळ्यांचं बोलून व्हायची वाट बघतेय. समुद्रावर कोणी बोलत नव्हतं, म्हणून तिला बोलता आलं. इथे तुम्ही तिला दहा दहा मिनिटं हाका मारता. ती बोलणार कधी?"

सून हळूच म्हणाली, "तरी मी पाच सेकंद म्हणत होते."

"मग हुकूम पाठवून नियम बदल!" कार्यवाह म्हणाले.

"ओळख झाल्याशिवाय ती हुकूम घेत नाही. उपसूचना क्रमांक एक."

दंतवैद्य आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत राहिले.

उपाय एकच होता. अर्ध्या खंडावरच्या झाडून सगळ्या हौशी मंडळींनी एकाच वेळी गप्प बसायचं. सलग दोन मिनिटं. ज्यांनी आयुष्यभर बोलण्यासाठीच परवाना काढला, अशा हजारो माणसांनी. रातोरात मेल गेले, आणि आठव्या दिवशी सकाळी दहा वीसची वेळ ठरली.

वेळ झाली. लहर शांत झाली. अकरा सेकंद गेले असतील नसतील, एक आवाज आला, "मी गप्प बसलोय. बाकीचे बसलेत ना?"

"हो हो, इकडेही शांतता आहे."

"आमच्या भागात पूर्ण शांतता आहे, अभिनंदन."

"मित्रहो, कृपया कोणी बोलू नका."

"तुम्हीच बोलताय."

"मी फक्त बोलू नका म्हणून सांगतोय."

अध्यक्षांना राहवेना. एवढ्या गोंधळाला आवर घालू शकेल असा आवाज जगात एकच होता, आणि तो त्यांच्याजवळ होता. त्यांनी माइक उचलला, छाती भरून घेतली आणि त्या एकोणतीस वर्षं कमावलेल्या सुरात सांगितलं, "सर्व हौशी बांधवांनी कृपया लक्ष द्यावे!" लोकांनी लक्ष दिलं. अध्यक्ष शांततेचं महत्त्व या विषयावर डबी क्षितिजाखाली जाईपर्यंत बोलले. बोलून झाल्यावर समाधानाने वळून बघतात तो खोलीत सगळ्यांनीच डोक्याला हात लावलेला.

"वा," बायको एवढंच म्हणाली.

त्या दिवशी अध्यक्ष गच्चीवर जाऊन आपण ठोकलेल्या अँटेनाच्या खांबाशी बराच वेळ बसले. आपली काय चूक झाली हे त्यांना चांगलं कळलं होतं. ते कबूल करायला मात्र शब्द सापडत नव्हते, आणि त्याचं त्यांना नवल वाटत होतं. खाली आले तेव्हा बायको काज करत होती. ते तिच्यापुढे उभे राहिले, घसा खाकरला, आणि माइक काढून तिच्या शिवणाच्या टोपलीत ठेवला. तिने त्यावर कापडाचे तुकडे टाकले.

नवव्या दिवशी डबी फार कडेने जाणार होती. दहावा दिवस शेवटचा. या खेपेला मेल सुनेने लिहिला. 'दहा वाजून पाच मिनिटांनी रेडिओ फक्त ऐकायला लावा. कोण गप्प आहे ते तपासू नका.' दोनच ओळी होत्या. लोकांना त्या पाठ झाल्या.

दहा पाचला खोलीत सगळे जमले. वास्तविक खोलीतलं बोलणं डबीला ऐकू जायचं काही कारण नव्हतं, पण दंतवैद्य चवड्यांवर चालत आले आणि कार्यवाहांनी शिंक आली तर तोंडात घालायला रुमाल काढून ठेवला. सुनेचं बोट संगणकाच्या एका कळीवर होतं. ओळख झाली की एका मिनिटात ती दाबायची, म्हणजे दोन मिनिटांचे पाच सेकंद होतील. तेवढ्यात खालचे काका बेलची वही घेऊन तणतणत वर आले. "आजसुद्धा सव्वा..." बायकोने ओठांवर बोट ठेवलं. काकांनी सगळ्यांची तोंडं बघितली आणि वहीसकट स्टुलावर बसले.

लहर शांत होती. नुसती बारीक सळसळ. घड्याळाचा काटा पहिलं मिनिट पुरं करून पुढे सरकला. अध्यक्षांच्या तोंडात तीन वेळा वाक्य तयार झालं आणि तीनही वेळा त्यांनी ते गिळलं. त्यांना वाटलं, आत्ता या क्षणी इतके लोक, इतक्या खोल्यांमधून, एका दहा सेंटीमीटरच्या डबीसाठी तोंड मिटून बसले आहेत. एक मिनिट चाळीस. एक मिनिट पन्नास. कार्यवाहांनी रुमाल चावला.

आणि सळसळीतून स्वच्छ आवाज आला.

"तुमचं बोलून झालं असेल तर मी बोलते. मी बरी आहे. तुमचं सांगा."

तीस वर्षं हेच वाक्य याच खोलीत समोरच्या भिंतीकडून येत होतं. अध्यक्षांना ते पहिल्यांदा पूर्ण ऐकू आलं. त्यांना एकदम भरून आलं, आणि नवल म्हणजे आपल्या आवाजाची त्यांना आठवणही झाली नाही.

"अध्यक्षकाका, पाच सेकंद करू?" सुनेने कुजबुजत विचारलं. आवाजाची फीत झाली होती. कळीवरचं बोट तसंच होतं.

अध्यक्षांनी मानेने नाही म्हटलं. "राहू दे. तिला बदलू नकोस. आपण बसू गप्प."

बायकोने टोपलीतून माइक काढून त्यांच्या हातात दिला. "तुमचं सांगा म्हणतेय ना ती," ती म्हणाली. पाचशे किलोमीटरवर डबी त्यांची वाट बघत होती, आणि अर्धं खंड कान देऊन बसलं होतं. असे श्रोते बसस्थानकावर कधी लाभले नव्हते. अध्यक्षांनी बटण दाबलं.

"ऐकलं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "ओव्हर."

खोलीत जो जल्लोष झाला त्यात दंतवैद्यांनी काकांना मिठी मारली आणि काकांनीही, कशाबद्दल हे न विचारता, परत मारली. कार्यवाहांनी सभावृत्तांतात 'अध्यक्षांचे समारोपाचे भाषण झाले' असं लिहून वेळेच्या रकान्यात 'दोन शब्द' असं टाकलं.

"अहो," गलका ओसरल्यावर बायको म्हणाली. "तुम्ही आत्ता ओव्हर म्हणालात."

"हो. म्हणजे आता समोरच्याची पाळी."

"घरात पहिल्यांदाच म्हणालात. मग मी बोलू? पाच महिने झाले सांगायचंय. काकांची बेल रेडिओने वाजत नाही. अँटेनाचा खांब रोवायला तुम्ही गच्चीत भोक पाडलंत ना, त्याच्या शेजारीच टाकी आहे. रोज सव्वाआठला टाकी भरून वाहते, ते पाणी त्या भोकातून काकांच्या भिंतीत उतरतं, आणि त्याच भिंतीत बेलची तार आहे."

काकांनी वही उघडली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितली आणि मिटली. सगळे अध्यक्षांकडे बघायला लागले.

अध्यक्षांनी तोंड उघडलं. पाण्याच्या वाहकतेवर त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मग त्यांनी रेडिओवर टांगलेली 'आधी ऐका, मग बोला' ही पाटी बघितली, तोंड मिटलं, आणि सिमेंटचं घमेलं शोधायला गच्चीवर निघाले.